मोती, बंड्या आणि एक राहून गेलेली कबुली

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या गच्चीवर झालेल्या सभासदांच्या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



कमिटीने मला विषय दिला होता 'सोसायटी आणि पाळीव प्राणी'. वीस मिनिटांत तो संपायचा नाही, म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेतो. नर कुत्र्याचं ऑपरेशन करावं का, आणि करायचं तर कधी? गेल्या वर्षभरात तीन जणांनी मला जिन्यात गाठून हे विचारलंय, तेही इकडेतिकडे बघत, हळू आवाजात. समोर आजीमंडळी आणि मुलं बसली आहेत, तेव्हा जपून बोलेन. पण काही शब्द उच्चारावे लागतील, त्याला इलाज नाही. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. दोन कुत्रे मात्र सांभाळले. एकाच्या बाबतीत चुकलो, दुसऱ्याच्या बाबतीत वेळ बरी साधली.

पहिला मोती. जुन्या सभासदांना तो आठवत असेल, पिवळट, एक कान पडलेला. २६ जुलै २००५ ला आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाकोला नाल्याचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाणी ओसरल्यावर तीन-चार दिवसांनी माझ्या मुलीला रिकाम्या भाजीच्या क्रेटमध्ये हे पिल्लू सापडलं. दोन महिन्यांचं असेल. "फक्त पाऊस थांबेपर्यंत ठेवू" असं ठरलं. पाऊस थांबला, मोती राहिला तेरा वर्षं.

तो आठ-नऊ महिन्यांचा झाला तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, "काका, नसबंदी करून टाका." मी तिथल्या तिथे नाही म्हणालो. का म्हणालो याचा नंतर पुष्कळ विचार केला. माझ्या वयाच्या पुरुषांच्या कानात हा शब्द वेगळा वाजतो. आणीबाणीत मी कॉलेजात होतो. १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, पण शिबिरांच्या गोष्टी घरोघरी बोलल्या जात होत्या. ती सगळी धास्ती मी त्या बिचाऱ्या कुत्र्याच्या अंगावर टाकली.

खरं तर शब्दही चुकीचा आहे. माणसाच्या नसबंदीत नळी बांधतात किंवा कापतात, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. नर कुत्र्याच्या नेहमीच्या ऑपरेशनात वृषण काढतात, म्हणजे संप्रेरक बनवणारा कारखानाच बंद होतो. आपल्या शेतकऱ्याकडे याला नेमका शब्द आहे, खच्ची करणे. आमचे आजोबा साताऱ्याकडचे. त्यांच्या गोठ्यात बैल सगळे खच्ची केलेले आणि गावाला वळू एखादाच. बैल बडवल्याशिवाय औताला धरवत नाही, हे ते मला लहानपणी सहज सांगायचे. त्यात त्यांना बैलाचा अपमान वाटला नाही कधी. मी मात्र शहरात येऊन शहाणा झालो आणि म्हणालो, "जाऊ द्या हो, नराला कशाला? पिल्लं काय आपल्या घरात व्हायची आहेत?"

आता कबुली देतो. अठरा वर्षं पोटात ठेवली आहे.

२००७ चा भाद्रपद. भाद्रपद लागला की गल्लीतल्या कुत्र्यांचं काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. मोती दोन दिवस जेवला नाही, दाराशी बसून रडत होता. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने बेल वाजवली आणि दार उघडताच हा त्याच्या पायांमधून पसार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला, चिखलाने माखलेला आणि एक पंजा फाटलेला. हायवे ओलांडून गेला होता की नाही देव जाणे. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते. दिवाळी उलटली आणि आपल्या पंपरूममागे चार पिल्लं झाली. त्यातल्या दोघांचा एक कान पडलेला.

त्या पिल्लांवरून किती भांडणं झाली ते मिनिटबुकात आहे. आपल्या तेव्हाच्या वॉचमनदादांवर ठपका आला की ते कुत्रीला चपात्या घालतात, म्हणून हे झालं. त्यांना लेखी ताकीद दिली गेली. मी त्या सभेला हजर होतो, दुसऱ्या रांगेत. पडलेला कान मलाही दिसला होता, पण मी गप्प बसलो. चारपैकी तीन पिल्लं थंडीतच गेली, एक टेम्पोखाली आणि दोन आजाराने. चौथी काळी. ती नंतर गेटवर नऊ वर्षं होती आणि तुमच्यातल्या पुष्कळांनी तिला बिस्किटं घातली आहेत. वॉचमनदादा आता गावी असतात. मागच्या महिन्यात त्यांना फोन करून सांगितलं. ते हसले. म्हणाले, "साहेब, मला तेव्हाच माहीत होतं."

म्हणजे 'नराला कशाला' हा हिशेब मुळात खोटा. पिल्लं आपल्या घरात होत नाहीत, एवढाच काय तो फरक.

एवढं होऊनही मी शिकलो नाही. २०१० च्या भाद्रपदात मोती पुन्हा निसटला. काही महिन्यांनी त्याच्या नाजूक जागेतून रक्ताचे थेंब पडायला लागले. आम्हाला वाटलं लघवीचा त्रास असेल. डॉक्टरांनी पाहिलं तर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ. याला वेनेरिअल ट्युमर म्हणतात. हा विलक्षण रोग आहे. कर्करोगाच्या पेशीच संगाच्या वेळी एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात आणि तिथे रुजतात. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत हा बराच आढळतो. घरचा कुत्रा एकदाच बाहेर गेला तरी घेऊन येऊ शकतो.

नशीब एवढंच की औषधाला चांगला दाद देतो. आठवड्याला एक इंजेक्शन, व्हिन्क्रिस्टिन नावाचं. मोतीला सहा लागली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात तेच हे औषध, आणि ते मिळतं सदाफुलीच्या झाडापासून. आपल्या गेटपाशी कुंड्यांत आहे तीच सदाफुली. तेव्हापासून मी त्या कुंड्यांना न चुकता पाणी घालतो. मोती बरा झाला. त्या सहा आठवड्यांत त्याचा उतरलेला चेहरा बघून आमची सौ. मला एवढंच म्हणाली, "तुमच्या मिशीसाठी हे सगळं." मला मिशी नाही, हे तुम्ही बघताच आहात.

शेवटी ऑपरेशन झालंच, २०१४ मध्ये. मोती नऊ वर्षांचा होता. शी करताना कुंथायचा, लघवीत रक्त यायचं. प्रोस्टेट वाढलेली. ऑपरेशन न झालेल्या नर कुत्र्यांत पाच-सहा वर्षांनंतर हे फार जणांना होतं, आणि वृषण काढले की ती ग्रंथी काही आठवड्यांत आपोआप आकसते. मोतीचीही आकसली. पण नवव्या वर्षी भूल देताना रक्ताच्या तपासण्या, हृदयाची तपासणी, सगळं करावं लागलं, आणि बाहेरच्या बाकावर मी जो तास काढला तो शत्रूलाही नको. आठ-नऊ महिन्यांच्या वयात हेच काम संध्याकाळपर्यंत घरी येऊन झालं असतं.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, झालं तर मग, सगळ्यांचं लवकरात लवकर उरकून टाकावं. तसं नाही. म्हणून बंड्याची गोष्ट.

बंड्या हा लॅब्रॅडोर. २०२१ मध्ये एक कुटुंब परदेशी चाललं होतं, त्यांचा हा सात महिन्यांचा मुलगा आमच्याकडे आला. आल्यावर पंधरा दिवसांत लिफ्टमध्ये एका लहान मुलावर गुरगुरला. चावला नाही, पण मूल घाबरलं, आई घाबरली आणि ते बरोबरच होतं. कमिटीपुढे मी छाती ठोकून सांगितलं, "ऑपरेशन करून घेतो, शांत होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी माझी दोन्ही वाक्यं खोडून काढली.

पहिलं म्हणजे, आत्ता करायचं नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्याची हाडं वर्ष-दीड वर्ष वाढत असतात. वाढ कुठे थांबवायची हे हाडाच्या टोकाला सांगण्याचं काम याच संप्रेरकांचं. ती लवकर काढून घेतली तर हाडं थोडी जास्त लांब होतात, सांध्यांची ठेवण बिघडू शकते, पुढे खुबा आणि गुडघा त्रास देतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांत सांध्यांचे विकार जास्त दिसले. पुढे त्यांनी बऱ्याच जाती पाहिल्या. लहान चणीच्या कुत्र्यांत असा फरक फारसा सापडला नाही. म्हणून लहान कुत्रा किंवा आपला गावठी असेल तर सहा महिन्यांनंतर केव्हाही. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड असेल तर वाढ पुरी होऊ द्यावी, आणि तोवर दार आणि पट्टा सांभाळावा. 'तोवर सांभाळावा' हे महत्त्वाचं. ज्याच्या घरात दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला दिवसभर बेल वाजवतो, त्याने आपलं दार किती भरवशाचं आहे हे प्रामाणिकपणे ठरवावं. माझं २००७ मध्ये नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. डॉक्टर म्हणाले, "काका, हा लिफ्टमध्ये घाबरतो म्हणून गुरगुरतो. भीतीचा आणि वृषणाचा काही संबंध नाही." ऑपरेशनने भटकणं कमी होतं, अंगावर चढणं, भिंतींवर खुणा करणं पुष्कळांत कमी होतं. भित्रा कुत्रा मात्र भित्राच राहतो, कधी जास्तही होतो. म्हणजे कमिटीला दिलेलं माझं वचन पोकळ होतं. पुढच्या मीटिंगमध्ये ते मागे घेतलं. त्या दिवसापासून बंड्या लिफ्टने गेलेला नाही. चौथ्या मजल्यावरून आम्ही दोघे जिन्याने. माझी शुगर उतरली, हा वरचा फायदा.

सोळाव्या महिन्यात ऑपरेशन केलं. सकाळी नेला, संध्याकाळी आणला. बारा दिवस गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर, टाके चाटू नयेत म्हणून. ती घेऊन तो घरभर फर्निचरला धडकत फिरायचा. एक सांगून ठेवतो, ऑपरेशननंतर साधारण महिनाभर नराला माद्यांपासून लांबच ठेवायचा, आधीचं बीज शिल्लक असतं. आणि वजन! भूक तशीच राहते, गरज कमी होते. आम्ही तूप लावलेली पोळी चालूच ठेवली, तर आठ महिन्यांत पठ्ठ्या ३० किलोंवरून ३६ वर. खाणं पाव हिश्शाने कमी केलं तेव्हा जागेवर आला. ऑपरेशनने कुत्रा लठ्ठ होतो म्हणतात. आमच्याकडे तो आमच्या पोळीने झाला.

आणि काहींचं नाही केलं तरी चालतं, हेही सांगतो. ए विंगमधला एक पॉमेरेनियन आठ वर्षांचा आहे. पट्ट्याशिवाय कधी उंबरा ओलांडत नाही, तब्येत ठणठणीत. त्याच्या आजींनी माझं ऐकून घाई केली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आत्ता राहू द्या, वर्षाला प्रोस्टेट आणि वृषण तपासून घेऊ. उलट एखाद्याचं एकच वृषण खाली उतरलेलं असेल आणि दुसरं पोटात अडकलेलं, तर तिथे थांबायचं नाही. त्या अडकलेल्यात गाठ होण्याचा धोका कैक पटीने जास्त असतो. पिल्लू सहा महिन्यांचं झालं की हे एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या.

गल्लीतल्या कुत्र्यांचा हिशेब मात्र वेगळा. त्यांना दार नाही, पट्टा नाही, तिथे थांबण्यात अर्थ नाही. मुंबई महापालिका पूर्वी भटके कुत्रे मारायची. १९९० च्या दशकात ते थांबून नसबंदी सुरू झाली, २००१ मध्ये देशभराचे नियम आले, २०२३ मध्ये नवे. त्या नव्या नियमांत पाळीव प्राण्याचं लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, असं स्पष्ट लिहिलंय. पुन्हा आजीमंडळींच्या शंकेसाठी सांगतो, कानाला खाच असलेला कुत्रा म्हणजे मार खाल्लेला नव्हे, ऑपरेशन झालेला. काळीच्या कानाला होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले, त्यावर आपल्या ग्रुपवर जे रणकंदन झालं त्यात मी आता शिरत नाही. रेबीजचं इंजेक्शन मात्र दरवर्षी वेगळं द्यायचंच. ऑपरेशन झालं म्हणजे लस झाली असं समजणारे दोघे मला याच इमारतीत भेटलेत.

खर्च, टाके, कॉलर, काय विचारायचं, हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलंय. कुणाला हवी असेल तर रोज रात्री साडेनऊला मी आणि बंड्या खाली पंपरूमजवळ असतो. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर थांबा, आम्ही जिन्याने येतो.