गाडीखालचा ऑइलचा थेंब कुठून येतो?

आपल्या जिल्ह्याला मोटारसायकल काही नवी नाही. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. तेव्हापासून कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा तिथं, नाहीतर सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या शेडमध्ये कामाला आहेच. तरीपण गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की घरात दोनच गोष्टी ऐकू येतात. 'चालू दे, काही होत नाही' नाहीतर 'इंजिन खोलावं लागणार'. दोन्ही न बघताच बोललेल्या.

आमच्या एका गटातल्या ताईंकडे लांबच्या प्रवासाची जड गाडी आहे. मसाल्या-पापडाच्या पिशव्या मागं बांधून दोघं नवरा-बायको प्रदर्शनांना जातात, कधी कन्नडहून औट्रम घाट उतरून पार चाळीसगावपर्यंत. एकदा परत आल्यावर गाडीखाली रुपयाएवढा डाग दिसला. एका मिस्त्रीनं सांगितलं, अर्धं इंजिन खोलायचं, तीन-साडेतीन हजार लागतील. गटाचा हप्ता तोंडावर होता. ताई म्हणाल्या, आधी मला बघू द्या.

बायांनो, डाग जिथं पडतो तिथंच गळती असते असं नाही. ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्यानं मागंही जातं. सगळ्यात खाली असतो ऑइल काढायचा नट, म्हणून दोष नेहमी त्या बिचाऱ्यावर येतो.

ताईंनी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. फडक्याला थोडं डिझेल लावून इंजिन वरपासून खालपर्यंत पुसलं, मग कोरड्या कापडानं. संशयाच्या जागांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. टायर आणि ब्रेकपासून मात्र ती लांब ठेवली. पाच-सहा किलोमीटर फेरी मारून आल्यावर बॅटरी घेऊन बसल्या. पावडर जिथं सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं ओली झालेली असते, गळती तिथली. खालचा नट कोरडा ठणठणीत! ओल होती वर, टॅपेट कव्हरच्या कडेला. आतलं रबरी पॅकिंग कडक झालं होतं. दुसऱ्या गॅरेजमध्ये पॅकिंग बदललं आणि काम काही शे रुपयांत झालं.

सगळ्यांचं असंच निघेल असं नाही. खालच्या नटाचं वायसर जुनं झालं तरी थेंब येतो. ऑइल बदलताना वायसर नवं मागा, ते अगदी स्वस्त असतं. पण नट जोर लावून आवळू नका. त्या जागेचे आटे ॲल्युमिनियमचे, ते गेले की मग खरा खर्च. पुढच्या चेन-चक्राजवळ चिकट काळा थर दिसला तर तो बहुतेक चेनला लावलेल्या ऑइलचा असतो. ऑइल जास्त भरलं असेल तर हवेच्या नळीतून बाहेर येतं. पुढच्या शॉकॉपच्या दांडीवर तेलकट कडं दिसलं तर तिथलं सील गेलंय, त्याचा इंजिनाशी संबंध नाही. बाहेरून लेप थापून गळती बुजवणं मला तरी पटत नाही. चार दिवसांनी ऑइल त्याच्या कडेनं वाट काढतंच.

ऑइलची पातळी बघताना गाडी सपाट जागेवर, सरळ उभी हवी. बाजूच्या स्टँडवर कलली की माप चुकतं. इंजिन बंद करून चार-पाच मिनिटं थांबा, मग काचेतून किंवा पट्टीवर बघा. पट्टी आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. आकडा तारखेसह लिहून ठेवा, बचतीच्या वहीत लिहितो तसा. महिन्यात पातळी किती उतरली ते कळलं की मिस्त्रीशी बोलताना आपली बाजू पक्की असते.

मागच्या टायरवर ऑइल आलं, इंजिन चालू असताना धार लागली किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर मात्र गाडी तिथंच थांबवा. घाटात तर थांबवाच. ब्रेकच्या नळीजवळ ओल दिसली तरी गाडी चालवत नेऊ नका, मिस्त्रीलाच बोलवा.