राखणीला नको, मापाला बसवा

चोपडेकर मंडळी,

दिवसभराचं ऊन सोसून रात्री तुम्ही इतक्या संख्येनं सतरंजीवर येऊन बसलात, याचं श्रेय मी घेत नाही. घरातला पंखा गरम वारा फेकतोय, हे मलाही ठाऊक आहे.

मला विषय दिलाय ‘उन्हाळी सुट्टीतील कौटुंबिक शैक्षणिक उपक्रम’. एवढं जड नाव ऐकलं तर पोरगं मामाच्या गावाला पळून जाईल. आणि मामाच कामासाठी सुरतला गेलेला असेल, तर तेही दार बंद. म्हणून मी विषय हलका करतो. आपल्याकडे आखाजीच्या आगेमागे घरोघरी इतकी कामं निघतात, की उपक्रम शोधत फिरायची गरज नाही. पण त्या सगळ्या धामधुमीत पोरांच्या वाट्याला काय येतं? खाटेशेजारी काठी घेऊन बसायचं आणि वाळत घातलेल्या बिबड्यांवरचे कावळे हाकलायचे. माझं एवढंच म्हणणं आहे, की पोरांना राखणीवरून उठवा आणि मापाला बसवा.

कुरडईचंच घ्या. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतं, चौथ्या दिवशी ते वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर निवळायला ठेवतात. सकाळी वरचं पिवळसर पाणी ओतून दिलं की तळाशी पांढराशुभ्र थर बसलेला दिसतो. हे सगळं आई-आजीच्या हाताला पाठ आहे, आणि पाठ असल्यामुळेच कोणी बोलून दाखवत नाही. आता नववी-दहावीतल्या आंडेरच्या, म्हणजे लेकीच्या, हाती एक वही द्या. कोरडे गहू किती घेतले, दुसऱ्या दिवशी भिजून ते किती भरले, पाण्याला आंबूस वास कधी यायला लागला, चीक किती पातेली निघाला, तो शिजवायला पाणी किती लागलं. घरोघरचं प्रमाण वेगळं असतं. शेजारच्या काकूंची कुरडई का तुटते आणि आपली का तुटत नाही, याचं उत्तर बहुतेक या आकड्यांतच सापडतं. (काकूंना ते सांगायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.)

चीक म्हणजे गव्हातला स्टार्च. थंडगार चमचाभर चिकावर आयोडीनचा एक थेंब टाकला की तो निळा-काळा होतो. हा प्रयोग शाळेत बटाट्यावर करून दाखवतात, घरच्या पातेल्यातल्या चिकावर सहसा कोणी करत नाही. तपासलेला चमचा मात्र फेकून द्यायचा, खायचा नाही. कढईतला दुधाळ चीक घाटता घाटता एकदम चमकदार, पारदर्शक होतो, कारण गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगून फुटतात. तो क्षण पोरांनी जवळून पाहावा, पण कढईपासून हातभर लांब राहून. चिकाचा चटका फार वाईट असतो, कारण तो अंगाला चिकटून बसतो. आणि उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या घातल्या, तर त्यावरही आयोडीन टाकून बघा. चोथ्यात स्टार्च राहिला असेल, तर पिळणाऱ्याचा हात उघडा पडतो.

खरी मजा वाळवणात आहे. ओल्या दहा कुरडया एका ताटात ठेवा, ताटासकट वजन करा आणि रोज संध्याकाळी पुन्हा करा. पहिल्या दिवशी वजन धाडकन उतरतं, दुसऱ्या दिवशी कमी, मग जवळजवळ थांबतं. थांबलं की डब्यात भरायची. आजी कुरडई मोडून तिच्या आवाजावरून हे सांगते. नातीनं काट्यावर सांगावं, आणि दोघींचा निकाल जुळतो का ते पाहावं. पाणीच उरलं नाही तर बुरशी वाढणार कशी? वर्षभराचं वाळवण टिकतं ते एवढ्यावरच.

हाच हिशेब हवेचाही करता येतो. प्रयोगशाळेतले साधे दोन थर्मामीटर आणा. ताप मोजायचा नको, त्याची पट्टी बेचाळीसच्या आसपासच संपते आणि आपलं गाव त्याच्यापुढे जातं. एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा, आणि दोन्ही सावलीत टांगा. मे महिन्यात आपल्याकडे दोघांत पंधरा-वीस अंशांचाही फरक पडतो. माठ का गार होतो, आपल्याकडे कूलर चालतो आणि कोकणात का चालत नाही, हे एका नजरेत कळतं. हा फरक रोज दुपारी वहीत टिपत राहा. जूनकडे दमट वारे यायला लागले की तो आकसू लागतो. घरातलं कोणी आभाळाकडे बघायच्या आधी पोरगं सांगेल, की हवा बदलली.

आता गच्चीवर चला, पण पाचच मिनिटं. चोपड्याचा अक्षांश सव्वाएकवीस अंशांच्या आसपास आहे. म्हणून मेच्या २६-२७ तारखेला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच गडप होते. जळगावला हे एक-दोन दिवस आधी घडतं, पुण्याला १३-१४ मे रोजी, दिल्लीला कधीच नाही. ओळंब्यानं काठी सरळ उभी करा, किंवा सपाट फरशीवर तांब्या ठेवा. मात्र बारा वाजता जाल तर फसाल. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे आणि चोपडा त्याच्या सात अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरा, म्हणजे आपली खरी मध्यान्ह त्या दिवसांत साडेबाराच्या थोडी आधी होते. हा हिशेब आधी पोरांना करू द्या. चुकला तर सावली चूक दाखवेल, तुम्ही बोलू नका.

सावलीचं गणित आपल्याला परकं नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यानं तिथं मठ काढला होता. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त सावलीवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातला शंकू बारा अंगुळांचा असतो. तेवढी काठी तर कुठल्याही घरात निघेल.

त्याच ग्रंथातलं एक कोडं सुट्टीसाठी खास आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या पायाशी सापाचं बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येताना मोराला दिसतो आणि मोर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा, तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल? सांगू नका, गच्चीवर खडूनं काढा. हाताऐवजी वीत घ्या, खांब जमिनीवर आडवा आखा, तो सापाच्या वाटेशी काटकोनात असू द्या आणि मोराच्या जागेला दोरीचं टोक धरा. साप झालेलं पोर पुढं सरकत राहील, आणि दोरी त्याच्या चालीइतकी भरली की ओरडेल. ती जागा बाराव्या वितीवर सापडते, दोरी पंधरा विती भरते. नऊ, बारा, पंधरा. गवंडी गुण्या साधायला दोरीवर तीन-चार-पाच धरतो, त्याचीच ही तिप्पट.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. वर सातपुड्यात पावरा आणि भिल्ल घरांतली मुलं चैत्र-वैशाखात पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात. त्यांना मी उपक्रम सांगायला जाणार नाही, त्यांना हवी आहे सुट्टी. पण मोहफूल वाळून किती उरतं हे ज्या पोराच्या वहीत लिहिलेलं असेल, त्याच्या घरच्या मालाला काट्यावर कमी भरवणं अवघड जाईल. माप शिकण्याचा उपयोग कोणी विचारला, तर मी गच्चीवरच्या तांब्याच्या आधी हेच उदाहरण देईन.

छंदवर्गांना माझा विरोध नाही. पैसे भरून गेलेलं मूल निदान दोन तास मोबाइलपासून लांब असतं. पण तिथं चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. घरी मीठ चुकलं तर वर्षभर सगळ्यांना ती कुरडई खावी लागते. त्या धाकानं मूल दुसऱ्यांदा मोजतं.

सावली गडप होण्याचा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसरा १६-१७ जुलैच्या आसपास, पण तेव्हा शाळा सुरू झालेली असते आणि आभाळाचा भरवसा नसतो. त्यामुळे मेचीच तारीख धरा. सध्या गच्चीवर पापड वाळत असतील, तर काठीपुरती जागा आजच सांगून ठेवा. आता तुमचे प्रश्न. पोरांनी आधी विचारावेत, मोठ्यांनी नंतर.