रॉक अँड रोल : दोष तालाचा की बाजाराचा?



पाश्चात्त्य संगीताचे नाव निघताच आपल्या समाजात नाक मुरडण्याची रीत आहे. ती अगदीच निराधार नाही. मात्र रॉक अँड रोलच्या बाबतीत दोष नेमका कोठे होता हे न पाहता केलेली टीका फुकट जाते.

या संगीताचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांत आणि श्रमगीतांत आहे. १९५१ साली क्लीव्हलँड येथे ॲलन फ्रीड हा निवेदक रात्रीच्या वेळी नभोवाणीवरून अशा ध्वनिमुद्रिका वाजवू लागला. २१ मार्च १९५२ रोजी त्याने योजलेल्या नृत्यकार्यक्रमाला एवढी गर्दी लोटली की तो थांबवावा लागला. आरंभी श्रोते बहुतांशी कृष्णवर्णीय होते. पुढे गोऱ्यांची मुलेही त्यांत मिसळली. वर्णभेदाची भिंत मुलांनी गाण्यातून ओलांडली, हे या संगीताचे श्रेय मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

मग बिघडले काय? महायुद्धानंतर त्या देशात समृद्धी आली आणि मुलांच्या हाती पैसा खुळखुळू लागला. व्यापाऱ्यांनी ते अचूक हेरले. १९४९ साली लहान आकाराची स्वस्त तबकडी आली, १९५४ च्या अखेरीस खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आला. तोवर रेडिओ दिवाणखान्यात असे. आजी-आजोबा, आई-वडील, मुले एकत्र बसून तो ऐकत. काय ऐकावे यावर वाद होत, आणि त्या वादांतूनही संस्कार होत. आता मुलगा आपल्या खोलीत, आपल्या उशाशी, आपलेच गाणे ऐकू लागला. ‘टीनएजर’ हा कुटुंबाचा घटक न राहता स्वतंत्र ग्राहक ठरला. घरात पडलेली ही फट कोणत्याही गाण्याच्या शब्दांपेक्षा घातक होती.

वडीलधाऱ्यांनी केले काय? ९ सप्टेंबर १९५६ रोजी एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात एल्व्हिस प्रेस्ली गायला. सुमारे ६ कोटी लोकांनी तो पाहिला. त्याच्या अंगविक्षेपांवर गदारोळ उठला, तेव्हा ६ जानेवारी १९५७ च्या कार्यक्रमात त्याला केवळ कमरेच्या वर दाखवण्यात आले. संस्कृतिरक्षणाचा केवढा हा पराक्रम! कॅमेरा वर उचलला गेला, तबकड्यांची विक्री मात्र चालूच राहिली. गाणी वाजवण्यासाठी निवेदकांना पैसे चारले जात, हे १९५९-६० च्या चौकशीत उघड झाले. फ्रीडनेही १९६२ साली गुन्हा कबूल केला. १९६५ साली, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी तो वारला. त्या व्यापाराची भरभराट पुढेही होतच राहिली.

हा ताल त्याच दशकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही पोहोचला. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ हे गाणे त्याच धाटणीचे. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. विनायकबुवा पटवर्धनांकडे अभिजात संगीताचे धडे गिरवलेले. परका ताल घेताना त्यांचा पाया ढळला नाही. चीनच्या आक्रमणानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लतादीदींनी गायिलेल्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ या गीताची चालही त्यांचीच.