खानावळीतला खाडा

आज मला गिरणगावातल्या खानावळींवर बोलायला सांगितलंय. वेळ थोडाच आहे, आणि त्यातला निम्मा एकाच शब्दावर जाणार आहे. तो शब्द म्हणजे खाडा.

खाडा म्हणजे न जेवलेलं जेवण. खानावळीचे महिन्याचे पैसे ठरलेले असायचे. पण तुम्ही एखाद्या वेळी येणार नसलात आणि तसं आधी सांगून ठेवलंत, तर ती वेळ हिशेबातून वजा. गंमत अशी, की गिरणीतही हाच शब्द होता. कामावर गेला नाहीत की खाडा. तिकडच्या खाड्याने पगार कापला जायचा, इकडच्या खाड्याने खानावळीचे पैसे कमी व्हायचे.

माझी या शब्दाशी ओळख झाली ती डिलाईल रोडवर. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत काकांकडे गेलो होतो. काका गिरणीत साच्यावर होते. त्यांच्या एका खोलीत गावचे पंधरा-सोळा जण. पहिल्या पाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच जागेवर आडवे व्हायचे. खोलीत चूल नव्हती. जेवण खालच्या मजल्यावर मावशींकडे. सगळ्यांच्याच त्या मावशी, सत्तरीतल्या कामगाराच्यासुद्धा.

मावशींच्या दारामागे चुना मारलेली भिंत होती आणि तिच्यावर कोळशाने काढलेल्या खुणा. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून एकाची खूण छत्री, एकाची मिशी, एकाची नुसती टोपी. आमच्या काकांचा चष्मा. खुणेपुढे रेघा. अर्धी रेघ म्हणजे एक वेळचा खाडा, पुरी रेघ म्हणजे दिवसाचा. पगार झाला, हिशेब मिटला, की ओल्या फडक्याने रेघा पुसायच्या. खुणा तशाच.

एकदा मिशीवाले म्हणाले, "मावशी, माझे चार खाडे." मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तीन. चौथ्या दिवशी बांगडे होते. दोन मागून घेतलेस." अख्खी पंगत हसली. मिशीवाल्यांनी मुकाट्याने पैसे मोजले.

ही भिंत तुम्हाला एवढ्यासाठी सांगतोय, की घरगुती धंदा कशावर चालतो ते मला तिथे कळलं. भांडवल म्हणाल तर दोन मोठी पातेली, परात आणि तवा. जागा दहा बाय बाराची, तीत नवरा, मुलं आणि वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक. पंगत आत मावली नाही तर शेजारीण आपल्या दारापुढची गॅलरी मोकळी करून द्यायची. रातपाळीचा डबा चाळीतलं पोर गिरणीच्या गेटपर्यंत पोचवायचं. गावाहून नवा मुलगा आला की खोलीतलेच कोणीतरी त्याला मावशींसमोर उभा करायचे. "आमच्या वाडीतला आहे" म्हटलं की झालं, आगाऊ पैसे नाहीत. वाणी महिनाभर उधार द्यायचा. अर्थात वाणी काही मावशींचा भाऊ नव्हता. तो व्याज धरायचा.

इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५०च्या दशकात ताडदेवला उभी राहिली. मग लालबाग, परळ, वरळी, शिवडी असा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून पुरुष एकटे आले, बायका-मुलं गावी. त्यांना जेवू घालण्यातून खानावळी निघाल्या.

आत्ताच रेडिओ लावला असेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो: खाडा म्हणजे न जेवलेल्या जेवणाचा हिशेब, आणि आपण गिरणगावातल्या खानावळींबद्दल बोलतोय.

सत्तरच्या दशकात एका संपात गिरण्या चाळीसेक दिवस बंद होत्या. पगार नाही, तरी खानावळी चालवणाऱ्या बायकांनी चुली विझवल्या नाहीत. उधारीवर जेवायला घातलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या. हे पाहिलं प्रेमा पुरव यांनी. मूळच्या गोव्याच्या, कोवळ्या वयात गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. मग बँकेचा पैसा या चुलीपर्यंत का पोचू नये, असा प्रेमाताईंचा सवाल. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. कर्जाला तारण काय? तारण म्हणून ठेवायला होतंच काय! तेव्हा बायका एकमेकींना जामीन राहिल्या. पहिल्या तुकडीत चौदाजणी, प्रत्येकीला कर्ज दीडेक हजाराचं. पुढे ही संख्या हजारांत गेली. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. बँकेला हे एकमेकींचं जामीनपत्र नवं होतं. चाळीत ते आधीपासून तोंडी चालत होतंच.

आता माझी एक बारीकशी तक्रार. आज आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन घरचे डबेवाले आहेत. बायका मेहनती, अन्न चांगलं, मी स्वतः गिऱ्हाईक. पण महिन्याचे पैसे आगाऊ आणि खाली ठळक अक्षरांत सूचना: खाडा धरला जाणार नाही. त्यांचीही अडचण मला कळते, भाजी तर आणलेली असते. तरी वाटतं, खाडा गेला की डबा कोणाचा हे विचारायचंही कारण उरत नाही. मावशींना कोण कधी जेवलं नाही हे ठाऊक असायचं. सलग दोन खाडे पडले आणि गावी गेल्याचा निरोप नसला, तर त्या पोराला वर पाठवायच्या, "बघ रे, ताप आलाय का."

काचेपलीकडून मला खुणा होताहेत. एवढंच सांगतो आणि थांबतो.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. महिने गेले तशी खोली रिकामी होऊ लागली. एकेकजण पिशवी घेऊन गावची गाडी पकडायचा, आणि जाताना मावशींना म्हणायचा, "खाडा धरा हां." म्हणजे काय, तर मी परत येणार आहे. आमचे काकाही तेच म्हणून गेले.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी चाळीत गेलो होतो. मावशींनी नुकताच चुना मारला होता. भिंत लख्ख पांढरी. पण दारामागे त्यांनी कोळशाने सगळ्या खुणा परत काढून ठेवल्या होत्या. छत्री, मिशी, टोपी, चष्मा. पुढे एकही रेघ नाही.