गावकीची भांडी

खेड्यात पूर्वी लग्नकार्य निघाले, की देवळात ठेवलेली गावकीची भांडी बाहेर निघत. मोठ्या पंगतीला पुरतील एवढी पातेली प्रत्येक घराने स्वतःची बाळगणे शक्यही नव्हते आणि शहाणपणाचेही नव्हते. संगणकाच्या जगात असाच एक रिवाज रूढ आहे आणि त्याचे गुणदोषही गावकीच्या भांड्यांसारखेच आहेत.

1949 साली केंब्रिज विद्यापीठात एड्सॅक हा संगणक चालू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांच्या लवकरच ध्यानात आले, की काही ठरावीक गणिते प्रत्येक नव्या प्रोग्राममध्ये पुनःपुन्हा करावी लागतात. तेव्हा अशा तयार आज्ञागटांच्या छिद्रांकित कागदी पट्ट्या त्यांनी संग्रही ठेवल्या. या संग्रहाला ते लायब्ररी म्हणत. ज्याला जो गट हवा, त्याने त्याची नक्कल आपल्या पट्टीवर उतरून घ्यावी, अशी ती व्यवस्था होती.

नक्कल उतरून घेण्याची ही पद्धत आजही प्रचारात आहे. परंतु तिच्या जोडीला दुसरी एक पद्धत आली. तिच्यात प्रोग्राम लायब्ररीची नक्कल जवळ बाळगीत नाही. कोणती लायब्ररी हवी आणि तिच्यातील कोणती कामे हवीत, एवढीच नोंद तो ठेवतो. प्रोग्राम सुरू होताना लोडर नावाचा कारभारी ती लायब्ररी शोधतो, स्मृतीत आणतो आणि दोहोंची गाठ घालून देतो. स्मृतीतील एकच प्रत अनेक प्रोग्रामांच्या उपयोगी पडते. हीच सामायिक लायब्ररी.

हिचा लाभ केवळ काटकसरीचा नाही. 2014 च्या एप्रिल महिन्यात ओपन-एसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचा घातक दोष उघडकीस आला. गुप्त राहावी अशी माहिती त्यातून बाहेर झिरपू शकत होती. जेथे ती लायब्ररी सामायिक होती, तेथे एक फाइल बदलून संबंधित सेवा पुन्हा सुरू केल्या, की दोष दूर होई. जेथे नकला उतरून घेतल्या होत्या, तेथे प्रत्येक प्रोग्राम नव्याने बांधणे भाग होते. गावकीच्या पातेल्याला एकदा कल्हई केली, की साऱ्या गावाचे अन्न निर्धोक होते, तसेच हे.

पण कल्हईच विषारी असेल तर? एक्स-झेड या माहितीचा संक्षेप करणाऱ्या प्रकल्पात एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ सालसपणे काम करून विश्वास संपादन केला आणि 2024 च्या प्रारंभी त्यात एक चोरवाट दडवली. दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या एसएसएच सेवेला ही लायब्ररी मुळात नको होती. परंतु काही लिनक्स वितरणांनी त्या सेवेला दुसरी एक लायब्ररी जोडली होती आणि त्या दुसरीला ही तिसरी जोडलेली होती. पाहुण्याने पाहुणा आणला आणि त्याच्यामागून चोर घरात शिरला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास अर्ध्या सेकंदाचा विलंब होतो असे जाणवले. त्याने तो किरकोळ म्हणून सोडून न देता त्याचा माग काढला आणि 29 मार्च 2024 रोजी हे कारस्थान जगापुढे मांडले. म्हणूनच ती चोरवाट फारशी पसरण्यापूर्वीच बंद झाली.

तेव्हा परक्याची लायब्ररी जोडणे हा निव्वळ तांत्रिक व्यवहार नव्हे. ती कोणी घडवली, तिची निगा कोण राखतो आणि ती आपल्याबरोबर आणखी कोणाला घरात आणते, हे जोडणाऱ्याने विचारलेच पाहिजे. एक्स-झेडचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एकाच स्वयंसेवकाच्या खांद्यावर होता, आणि थकलेल्या माणसाला मदतीचा हात पुढे करूनच कपटी आत शिरला. गावकीची भांडी सर्वांची असतात. ती घासणारा मात्र एकटा पडला, तर तो दोष साऱ्या गावाचा असतो.