शेवग्याचा पाला : शेळीपुढे टाकण्याआधी ताटात



मिरगाचा पाऊस झाला की बाजारात भाजी कमी येते आणि महाग होते. नेमक्या याच दिवसांत उन्हाळ्यात छाटलेल्या शेवग्याला कोवळा फुटवा येतो. शेंगांच्या जुड्या बांधून आपण बाजारात नेतो, पाला मात्र शेळीपुढे टाकतो. शेळीचं काही चुकत नाही.

पाला का खात नाही असं विचारलं, की उत्तर ठरलेलं. "साहेब, कडू लागतो." लागतो खरा, पण तो जून असतो म्हणून. शेंड्याकडची वीतभर कोवळी डहाळी खुडा. फक्त पानं ओरबाडून घ्या, काड्या दातात येतात. पावसाळ्यात पाल्यावर अळी असते, म्हणून मिठाच्या पाण्यात दोनदा धुवा.

कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको. तिकडे कित्येक घरांत गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर हीच भाजी असते. घाटावर मात्र एकदा पीठ पेरून केली, घरात कुणी तोंड वाकडं केलं, की पुन्हा ती चुलीवर चढत नाही. म्हणून आज दुसऱ्या मुलखातले दोन-तीन प्रकार सांगतो.

केरळात 'तोरन' करतात. चौघांसाठी सहा-सात ओंजळी पाला घ्या, शिजून तो अगदी थोडा होतो. वाटीभर ओलं खोबरं, दोन हिरव्या मिरच्या, तीन लसूण पाकळ्या, जिरं आणि चिमूटभर हळद जाडसर वाटा. तेलात मोहरी आणि चमचाभर कच्चे तांदूळ तडतडू द्या, मग पाला आणि मीठ टाका. झाकण ठेवू नका, पाल्याचा रंग काळपट होतो. पाला मऊ पडला की वाटण घालून दोन मिनिटं परता. नारळ नसेल तर शेंगदाण्याचं कूट घाला. मला तर कुटाचीच जास्त आवडते.

तमिळनाडूत 'अडै' म्हणून जाड धिरडं करतात. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तूरडाळ, सुक्या मिरच्या. तीन तास भिजवून भरड वाटायचं, आंबवायची गरज नाही. त्यात कांदा आणि दोन ओंजळी पाला. तव्यावर मधे भोक पाडून तेल सोडायचं, अगदी आपल्या थालीपिठासारखं. भाजणी तयार असेल तर तीच घ्या. पोरांना पाला खाल्लेला कळतही नाही.

आणि दूर फिलिपाइन्स देशात कोंबडीच्या आल्याच्या रश्श्यात कच्च्या पपईच्या फोडी टाकतात, भांडं उतरवताना वरून मूठभर हाच पाला. बाळंतिणीला तो मुद्दाम देतात.

या पाल्यात तेवढ्याच वजनाच्या दुधापेक्षा दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं. लोह आणि अ जीवनसत्त्वासाठी लागणारं द्रव्यही भरपूर. लोह अंगी लागावं म्हणून भाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. भाजी चांगली झाली की करणाऱ्या बाईच्या वाट्याला नुसती कढई उरते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. आणि रक्त कमी असतं ते बहुधा तिचंच. तेव्हा दोन ओंजळी जास्तच घ्या आणि तिचं आधी काढून ठेवा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. शेंगांसाठी लावलेल्या झाडांवर औषध फवारलं असेल, तर तो पाला घरात आणू नका. खाण्यासाठी एक झाड वेगळं ठेवा, न्हाणीच्या पाण्यावर, परसात. पावसाच्या सुरुवातीला मनगटाएवढी जाड, हात-दोन हात लांब फांदी पुरली तरी फुटते. बी लावायचं तर पी.के.एम.-१ जातीचं घ्या. झाड कमरेएवढं झालं की शेंडा मोडा, म्हणजे ते उंच न जाता पसरतं आणि घरातल्या बाईला स्टुलावर न चढता पाला खुडता येतो. या झाडाला फवारा लावायचा नाही. केसाळ अळ्या सकाळी खोडावर गोळा होतात, तेव्हाच काडीला चिंधी बांधून, रॉकेलमध्ये भिजवून पुसून काढा. अळीला हात लावू नका, खाज सुटते.