केळीच्या बागेतली सिरियल तार

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा धुळ्याकडच्या कापसाच्या शिवारात ठिबकाचा व्हॉल्व्ह आणि ओलाव्याचा सेन्सर ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलरला जोडावा, असं इथल्या हौशी माणसाला वाटणं साहजिक आहे. अशा जाळ्यात पैसा वेगावर न घालता तारेवर आणि अडॅप्टरवर घालावा, हे मला सांगायचं आहे. टेबलावर बिनतक्रार चालणारी आय-टू-सी बस बांधावर का अडते? फिलिप्सने ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच पेटीतल्या चिपांसाठी काढली. तिच्या नेहमीच्या वापरात तारेची एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवावी लागते. कॅट-५ केबल मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड खाते. आठ मीटरवर हिशेब संपला. केळीची एक ओळसुद्धा पुरी होत नाही.

याउलट आरएस-४८५ ही बस पिळलेल्या जोडीतल्या दोन तारांमधल्या व्होल्टेजचा फरक वाचते, म्हणून कमी वेगात ती १२०० मीटरपर्यंत जाते. ओलाव्याच्या आकड्याला ९६०० बॉड भरपूर झाले. पण बाजारातल्या स्वस्त मॅक्स-४८५ मॉड्यूलवर १२० ओहमचा रेझिस्टर आधीच डकवलेला असतो. अशी दहा मॉड्यूल जोडली की बसवर १२ ओहमचा भार येतो, आणि ड्रायव्हर तर ५४ ओहमच्या हिशेबाने बनवलेला. टोकांची दोन मॉड्यूल सोडून बाकीच्यांवरचे रेझिस्टर काढून टाकावेत. दोष मात्र बिचाऱ्या प्रोग्रामला दिला जातो. वीजपुरवठ्याचंही तसंच. २४ गेजच्या तांब्याच्या तारेत ३०० मीटर जाऊन-येऊन जवळपास ५० ओहम भरतात; १०० मिलिअँपिअरला ५ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून २४ व्होल्ट पाठवावेत आणि नोडपाशी उतरवावेत.

कोणी म्हणेल, ही बस संगणकाला जोडणारा दोन स्क्रूंचा यूएसबी अडॅप्टर स्वस्तात मिळतो, मग आयसोलेटेड कशाला? तीन फेजची मोटर सुरू झाली की विहिरीजवळची जमीन आणि घरातलं अर्थिंग एका पातळीवर राहतीलच, असं नाही. रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचाच फरक सोसतो. त्या अडॅप्टरला ग्राउंडचा स्क्रूच नसला, तर जास्तीचा दाब चिपमधून थेट संगणकात शिरतो. थेट वीज कोसळली तर आयसोलेशनही वाचवत नाही, हे कबूल. पण मोटरीचा त्रास रोजचा असतो.

दुसरा आक्षेप बिनतारीवाल्यांचा, आणि तो वजनदार आहे. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये लोरा रेडिओला परवाना लागत नाही, लॅचिंग सोलेनॉइड बॅटरीवरही चालतो. मात्र केळीचं पान पाण्याने भरलेलं. दाट बागेत सिग्नल क्षीण होतो, आणि प्रत्येक व्हॉल्व्हपाशी बॅटरी बदलत फिरावं लागतं. विहिरीपासून घरापर्यंतचं मोकळं अंतर लोराने तोडायला माझी हरकत नाही. तेवढ्याने विहिरीकडून घराकडे येणारी तांब्याची वाटही बंद होते. बागेच्या आत मात्र ठिबकाच्या सबमेनसाठी चर खणला जातोच. पिळलेली जोडी तेव्हाच त्यात टाकून घ्यावी.